नौकाविहार, भाडोत्री

वाऱ्यालाटांपासून सुरक्षित अशा नागरी उपसागरात, खाडीत किंवा सरोवरात लहान नौका ठराविक वेळेपुरत्या भाड्याने घेऊन केलेला जलविहार. यात वल्ह्यांच्या होड्या, कायाक, उभे राहून वल्हवावयाच्या फळ्या, पायटे मारून चालवावयाची होडगी, लहान शिडाच्या नौका व कमी शक्तीच्या यांत्रिक नौका यांचा समावेश होतो. मच्छीमाराची किंवा उतारूंची होडी नाखवा चालवितो आणि तिच्यात बसणारा केवळ प्रवासी असतो. भाडोत्री नौकाविहारात मात्र नौका घेणारा स्वतःच तिचा चालक होतो. अनेकदा तो त्या पाण्यावर प्रथमच आलेला असतो आणि काही मिनिटांच्या तोंडी शिकवणीवर तो निघतो. या व्यवसायाचे सर्व वैशिष्ट्य व त्यातील सर्व धोका या एका गोष्टीत सामावलेला आहे.

या प्रकारच्या जलविहाराचे नमुनेदार उदाहरण म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो शहराच्या मिशन उपसागराचा उल्लेख करता येईल. सदर नोंदीत त्या उपसागराच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे.

उपसागराची घडण : मिशन उपसागर सॅन डिएगो शहराच्या मध्यभागाच्या वायव्येस आहे. जमीन व पाणी मिळून या उद्यानाचे क्षेत्रफळ ४,२३५ एकर (सु. १,७१४ हेक्टर) असून त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्याचा आहे. किनाऱ्याची एकूण लांबी सु. ४३ किमी. आहे. पश्चिमेस मिशन बीच हा वाळूचा अरुंद दांडा उपसागराला पॅसिफिक महासागरापासून अलग करतो. महासागराशी त्याचा संबंध नैर्ऋत्येकडील एकाच प्रवेशमार्गाने येतो व त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना दगडी बांध आहेत. त्यामुळे महासागराची लाट उपसागराच्या अंतर्भागात जवळजवळ पोहोचत नाही.

हे पाणी आज निसर्गनिर्मित वाटत असले, तरी त्याचे सध्याचे रूप माणसाने घडविलेले आहे. पूर्वी येथे चिखलाची व खाऱ्या दलदलीची विस्तीर्ण खाजण होती. तिच्या परिसरात कुमेयाय या मूळ रहिवाशांची वस्ती होती. शेजारच्या खोल सॅन डिएगो उपसागराचा भास होऊन जहाजे येथे फसत, म्हणून स्पॅनिश व नंतर इंग्रजी भाषेत त्यास ‘खोटा उपसागर’ या अर्थाची नावे मिळाली. सॅन डिएगो नदी कधी या खाजणीत, तर कधी सॅन डिएगो उपसागरात जाऊन मिळे. तिच्या गाळाने बंदर भरून जाईल या भीतीने लष्करी अभियंता जॉर्ज डर्बी याने १८५३ च्या सुमारास एक बंधारा घालून नदी खाजणीकडे वळविली. तो बंधारा अल्पावधीत वाहून गेला. १८७० नंतरच्या दशकात बांधलेल्या पक्क्या बंधाऱ्याने नदी कायमची इकडे वळली.

१९४४ मध्ये शहराच्या वाणिज्य मंडळाच्या एका समितीने, लष्करी खर्चावर अवलंबून असलेल्या शहराच्या अर्थव्यवस्थेला पर्यटनाची जोड मिळावी म्हणून ही खाजण विकसित करण्याची शिफारस केली. त्यानंतर सु. दोन दशके गाळ उपसण्याचे काम चालले. सु. १.९ कोटी घन मी. वाळू व गाळ उपसण्यात आला व त्याच भरावातून बेटे, भूशिरे व पुळणी तयार करण्यात आल्या. फिएस्टा बेट हे या भरावाचे ठळक उदाहरण होय. नदीसाठी दक्षिणेस स्वतंत्र पूरनियंत्रक मार्ग काढून तिचा गाळ उपसागरात येणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. अशा रीतीने खोल बंदराऐवजी उथळ, वळणावळणांचा, अनेक लहान बाहूंचा जलाशय निर्माण झाला. मोठ्या जहाजांना निरुपयोगी ठरलेले हेच गुण लहान नौकांच्या पथ्यावर पडले. मूळ दलदलीपैकी फार थोडा भाग उरला असून तो ईशान्य किनाऱ्यावरील केंडल-फ्रॉस्ट राखीव क्षेत्रात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या व शहराच्या देखरेखीखाली जतन केलेला आहे.

नौकांचे प्रकार : भाड्याने मिळणाऱ्या नौकांत कायाक हा प्रकार सर्वांत अधिक प्रचलित आहे. कायाक ही मूळची उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट व अल्यूट लोकांची सीलच्या कातड्याने मढविलेली शिकारीची होडी. तीत चालकाचे पाय बंदिस्त कवचात असतात आणि ती उलटल्यास पाण्याखालूनच ती पुन्हा सुलटी करण्याचे कौशल्य त्यास साधावे लागते. नवशिक्याच्या हाती अशी होडी देणे धोक्याचे असते. ही अडचण ‘वर बसावयाच्या’ कायाकने दूर केली. १९७० नंतर कॅलिफोर्नियात प्रसार पावलेल्या या प्रकारात चालक बंद पोकळ कवचावरील खळग्यात बसतो. खळग्यात आलेले पाणी कवचातील आरपार छिद्रांवाटे आपोआप निघून जाते. होडी उलटली, तरी ती पाण्याने भरत नाही व चालक तिच्यात अडकत नाही. ही कवचे फिरत्या साच्यात पॉलिएथिलीन वितळवून तयार करतात. ती जड असली, तरी वाळूवर ओढल्याने किंवा खडकावर आपटल्याने सहसा फुटत नाहीत. भाड्याच्या धंद्याला आवश्यक असलेला दणकटपणा त्यांत असतो. कायाकचे वल्हे दुपाती असते आणि ते होडीला कोठेही जखडलेले नसते.

उभे राहून वल्हवावयाची फळी ही हवाई बेटांतील लाटांवर स्वार होण्याच्या क्रीडेतून निघाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा झपाट्याने प्रसार झाला. तीवर उभा असलेला माणूस स्वतःच शिडासारखा वारा अडवितो. म्हणून वारा वाढताच गुडघ्यांवर किंवा पोटावर येणे हा तिचा पहिला धडा होय. पायट्यांच्या होडग्यांत पायांनी पंखा किंवा पाण्याखालील परांची जोडी हलविली जाते. परांच्या जोडीची यंत्रणा होबी या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणली. तिच्यामुळे हात मोकळे राहतात, म्हणून गळाने मासे धरणारे ती पसंत करतात.

शिडाच्या नौकांत एककवची लहान नौका व दोन कवचांची कॅटमरान असे दोन वर्ग पडतात. होबार्ट ऑल्टर याने तयार केलेली ‘होबी १४’ ही कॅटमरान १९६८ मध्ये बाजारात आली. सरळ पुळणीवरून पाण्यात लोटता येईल व परत पुळणीवर चढविता येईल अशी ती हलकी नौका असल्याने धक्का किंवा गोदी नसलेल्या ठिकाणीही शिडाची नौका भाड्याने देणे शक्य झाले. शिडाची नौका देण्यापूर्वी चालकाचा पूर्वानुभव विचारण्याची, कित्येकदा प्रत्यक्ष पाहण्याचीही प्रथा आहे. वाऱ्याच्या दिशेशी दोन्ही बाजूंस सु. ४५° पर्यंतच्या कोनात शिडाची नौका पुढे जाऊ शकत नाही. तिला नागमोडी मार्गाने वाऱ्याविरुद्ध यावे लागते. हे ज्यास ठाऊक नाही त्याला नौका नेता येते, पण परत आणता येत नाही.

वारा, भरती-ओहोटी व गती : भाडोत्री नौकाविहारातील बहुतेक अडचणींचे मूळ ‘जाणे सोपे, येणे कठीण’ या साध्या तथ्यात आहे. मिशन उपसागरावर सकाळी हवा बहुधा शांत असते. जमीन तापू लागली, की महासागराकडून खारे वारे वाहू लागतात आणि दुपारी त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो. कोकण किनाऱ्यावर अनुभवास येणाऱ्या खाऱ्या व मतलई वाऱ्यांचाच हा प्रकार होय. पश्चिम काठावरून निघालेल्या नवशिक्यास दुपारी वारा पाठीशी मिळतो, होडी आपोआप सरकते, हातांना श्रम जाणवत नाहीत व तो पूर्वेकडे दूरवर जातो. परत वळताच तोच वारा तोंडावर येतो. शरद व हिवाळ्यात कधीकधी जमिनीकडून सँटा ॲना हे कोरडे वारे वाहतात. त्यावेळी हीच स्थिती उलट दिशेने उद्‌भवते.

ही बाब अंकांनी स्पष्ट करता येईल. निवाऱ्याच्या पाण्यात नवशिक्याच्या कायाकचा वेग ताशी ४ ते ५ किमी. असतो. वाऱ्याच्या साहाय्याने तो ताशी ६ किमी. झाला व वाऱ्याविरुद्ध ताशी ३ किमी. वर आला असे मानल्यास, २० मिनिटांत त्याने काटलेले २ किमी. अंतर परत येण्यास ४० मिनिटे लागतील. म्हणजे तासाभरासाठी घेतलेल्या होडीचा वाऱ्याबरोबर जाण्याचा काळ एकतृतीयांशाहून अधिक असता कामा नये. शिवाय वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. पोहोचेपर्यंत वारा वाढला, तर वरील गणितही अपुरे पडते. यावरून अनुभवी दुकानदार एकच नियम सांगतात : प्रथम वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे परतताना थकलेल्या हातांना त्याचे साहाय्य मिळते.

अधिक जोर लावून वेग हवा तेवढा वाढविता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. पाणी कापीत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या जलरेषेवरील लांबीची मर्यादा असते. सागरी मैलांत मोजलेला हा ताशी वेग, लांबी मी. मध्ये घेतल्यास, तिच्या वर्गमुळाच्या सु. २.४ पट असतो. ४ मी. लांबीच्या कायाकच्या बाबतीत तो सु. ४.९ सागरी मैल, म्हणजे सु. ९ किमी. येतो. या मर्यादेजवळ जाताच श्रम एकदम वाढतात व वेग फारसा वाढत नाही. आखूड व रुंद होडी स्थिर असते म्हणून नवशिक्यास देतात, पण तीच होडी मंदही असते. स्थैर्य व वेग यांचा हा व्यस्त संबंध भाड्याच्या सर्व नौकांत दिसतो.

येथील भरती-ओहोटी मिश्र अर्धदैनिक प्रकारची आहे. दिवसाकाठी दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात, परंतु त्यांच्या उंचीत फरक असतो. सरासरी कक्षा सु. १.२ मी. असून दिवसातील उच्चतम भरती व नीचतम ओहोटी यांतील सरासरी अंतर सु. १.७ मी. आहे. हिवाळ्यातील मोठ्या उधाणांच्या वेळी ते २ मी. हून अधिक होते. उपसागराच्या रुंद भागात ओढ जाणवत नाही. मात्र पुलांखाली व प्रवेशमार्गात, पाणी अरुंद जागेतून जात असल्याने ती वाढते. ओहोटीच्या वेळी प्रवेशमार्गाजवळ रेंगाळणाऱ्या होडीची ओढ महासागराकडे असते. म्हणूनच बहुतेक भाडेकरारांत प्रवेशमार्गाच्या आत राहण्याची अट असते. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर होडी रुतणे हा किरकोळ पण नेहमीचा प्रसंग होय.

पाणी व शरीर : निवाऱ्याच्या उपसागरातही पाण्याचे तापमान दुर्लक्षिता येत नाही. येथील किनारी पाणी हिवाळ्यात सु. १४° ते १५° से. व उन्हाळ्यात सु. २०° ते २२° से. असते. हवा उबदार असताना थंड पाण्यात एकाएकी पडल्यास अनैच्छिकपणे धाप लागते. तोंडात पाणी जाऊन गुदमरण्याचा धोका पहिल्या एकदोन मिनिटांतच सर्वांत अधिक असतो. पुढे हातापायांतील शक्ती कमी होत जाते. चांगला पोहणाराही या अवस्थेत काही काळ असहाय असतो. जीवरक्षक जाकिटाचे महत्त्व पोहता न येणाऱ्यापुरते नाही, ते यामुळे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांनुसार मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्या नौकाविहारातील बळींपैकी सु. तीनचतुर्थांश बुडून मरतात आणि त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिकांच्या अंगावर जाकीट नसते. जाकीट होडीत असणे आणि अंगावर असणे यांतील हे अंतर आहे.

उलटलेली ‘वर बसावयाची’ कायाक सुलटी करण्याची रीत अशी : तळाकडून पलीकडची कड धरून होडी आपल्याकडे ओढून पालथी असलेली सुलटी करावी. मग पाय पाण्याच्या पृष्ठाशी आणून जोराने पाणी मारीत पोट खळग्यावर आणावे. नंतर पाठीवर वळून बसावे व शेवटी पाय आत घ्यावेत. हे उथळ पाण्यात एकदा करून पाहिलेला मनुष्य खोल पाण्यात घाबरत नाही. काही केल्या वर चढता न आल्यास होडी सोडून किनाऱ्याकडे पोहू नये, तिला धरून राहावे. तरंगती होडी दुरून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. फळीच्या बाबतीत हेच कार्य पायाला बांधलेली दोरी करते. पडलेल्या माणसाच्या हातून फळी वाऱ्याने निसटली, तर तिला पोहून गाठणे जवळजवळ अशक्य असते.

पुळणीलगतच्या उथळ वाळूत पाकट मासे दडून बसतात. त्यांवर पाय पडल्यास शेपटीवरील विषारी काट्याची इजा होते. म्हणून होडी लोटताना पाय उचलून न टाकता वाळूवरून सरकवीत चालावे. इजा झाल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवणे हा प्रथमोपचार होय.

नियम : कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार होडीतील प्रत्येक व्यक्तीसाठी मापाचे जीवरक्षक जाकीट असावे लागते. १३ वर्षांखालील मुलांनी लहान नौका चालू असताना ते अंगावर घालणे सक्तीचे आहे. १५ अश्वशक्तीहून अधिक शक्तीची यांत्रिक नौका चालविण्यास १६ वर्षांची वयोमर्यादा आहे. १२ ते १५ वर्षे वयाच्या मुलास प्रौढाच्या देखरेखीखाली ती चालविता येते. २००८ मध्ये तटरक्षक दलाने, पोहण्याच्या व लाटा-क्रीडेच्या मर्यादित क्षेत्राबाहेर वापरलेली वल्ह्याची फळी ही ‘नौका’च होय, असा निर्णय दिला. त्यामुळे फळीवरील माणसालाही जाकीट व शिटीसारखे ध्वनिसाधन बाळगणे आवश्यक ठरले. सूर्यास्तानंतर वल्ह्याच्या होडीत पांढरा दिवा हाताशी ठेवून टक्कर टाळण्यासाठी तो वेळीच दाखवावा लागतो.

मार्गाधिकाराचे नियम नवशिक्यांच्या समजुतीहून भिन्न आहेत. यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेस वाट द्यावी हा सामान्य नियम खरा. परंतु अरुंद मार्गात २० मी. हून कमी लांबीच्या नौकांनी व शिडाच्या नौकांनी, त्या मार्गाबाहेर जाऊ न शकणाऱ्या मोठ्या नौकेस अडथळा करू नये, असेही नियम सांगतो. त्यामुळे अशा मार्गात लहान होडीने उजवी कड धरून चालावे आणि तो ओलांडावयाचा असल्यास आडवा व लवकर ओलांडावा. मिशन उपसागरात वेगवान यांत्रिक नौका, शिडाच्या नौका, वल्ह्यांच्या होड्या व पोहणारे यांच्यासाठी क्षेत्रे व वेगमर्यादा आखून दिलेल्या आहेत. सेल बे सारख्या भागांत ताशी ५ मैलांची (सु. ८ किमी.) मर्यादा आहे. एकाच पाण्यावर इतक्या भिन्न वेगांच्या नौका वावरू शकतात त्या या विभागणीमुळेच.

राज्यात यांत्रिक नौका चालविणाऱ्यास नौकाविहार-सुरक्षेची परीक्षा देऊन परवानापत्र मिळविण्याची सक्ती २०१८ पासून वयोगटांनुसार टप्प्याटप्प्याने लागू झाली व १ जानेवारी २०२५ पासून ती सर्व वयांस लागू आहे. भाड्याची नौका चालविणारा मात्र या अटीतून मुक्त आहे. ज्याला अनुभव सर्वांत कमी त्यालाच सूट, असा हा विरोधाभास आहे. त्याचे कारण व्यवहारात शोधावे लागते. दोन तासांसाठी आलेल्या प्रवाशास परीक्षा द्यावयास लावल्यास भाड्याचा व्यवसायच संपुष्टात येईल. परिणामी परीक्षेची जागा दुकानदाराच्या शिकवणीने भरून काढावी लागते.

व्यवसायाचे स्वरूप : भाडे सामान्यतः तासावर, दोन वा चार तासांवर किंवा दिवसावर आकारतात व अनामत रक्कम घेतात. चांगल्या दुकानात नौका सोपविण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने होतात : ग्राहकास पोहता येते का व पूर्वी नौका चालविली आहे का याची विचारणा, जाकीट अंगावर चढवून पट्टे आवळून पाहणे, वल्हे धरण्याची, वळण्याची व थांबण्याची रीत किनाऱ्यावर दाखविणे, नकाशावर मर्यादा व परतीची खूण दाखविणे, वाऱ्याची दिशा सांगणे आणि परतीची वेळ लिहून ठेवणे. वेळ उलटताच शोधास निघणारी यांत्रिक नौका सज्ज ठेवणे हा या साखळीतील अखेरचा दुवा होय. वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास होड्या देणे बंद करण्याचा निर्णयही दुकानदारासच घ्यावा लागतो. गर्दीचा दिवस व वाऱ्याची दुपार बहुधा एकत्रच येत असल्याने हा निर्णय त्याच्या मिळकतीच्या विरुद्ध जातो. त्याच्या सचोटीची खरी कसोटी येथेच लागते.

ग्राहकाकडून जोखीमस्वीकृतीच्या पत्रावर सही घेण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. ते पत्र म्हणजे दुकानदाराची सर्व जबाबदारीतून सुटका, असा समज आढळतो. परंतु कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सँटा बार्बरा शहरासंबंधीच्या खटल्यात, घोर निष्काळजीपणाबद्दलची जबाबदारी अशा पत्राने सामान्यतः टाळता येत नाही, असा निर्णय दिला. तो खटला शहराच्या उन्हाळी शिबिरात जलतरण तलावात बुडून मरण पावलेल्या अपंग मुलीसंबंधी होता. भाड्याच्या नौकांच्या व्यवसायालाही त्या निर्णयातील तत्त्व दिशादर्शक ठरते.

सार्वजनिक हक्क व खाजगी वापर : भरतीरेषेखालील जमीन व नौकानयनास योग्य पाणी ही जनतेसाठी न्यासरूपाने धारण केलेली संपत्ती होय, हे अमेरिकन विधीतील जुने तत्त्व आहे. कॅलिफोर्नियाच्या संविधानातही नौकानयनयोग्य पाण्यापर्यंत पोहोचण्याचा लोकांचा हक्क नमूद आहे. १९७६ च्या राज्य किनारा अधिनियमाने किनाऱ्यावरील सार्वजनिक प्रवेशाला व लोकांच्या करमणुकीच्या सोयींना संरक्षण दिले. तथापि पाण्याच्या काठापर्यंत जाण्याचा हक्क आणि पाण्यावर जाण्याचे साधन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वतःची नौका म्हणजे खरेदी, तिची देखभाल, ती ठेवण्याची जागा व ती वाहून नेण्याचे वाहन. सदनिकेत राहणाऱ्या सामान्य नागरिकास हे परवडत नाही. भाड्याची होडी हा त्याचा हक्क प्रत्यक्षात आणण्याचा एकमेव स्वस्त मार्ग ठरतो. या दृष्टीने होडी भाड्याने देणारी टपरी ही सार्वजनिक उद्यानाचे अंगच होय.

दुसऱ्या बाजूस अशा टपऱ्या, नौकाधक्के, हॉटेले व करमणूक केंद्रे सार्वजनिक भूमीच्या भाडेपट्ट्यावर उभी असतात आणि त्यांची वाढ अनिर्बंध झाल्यास लोकांचा काठच आकसतो. मिशन उपसागरात ‘सीवर्ल्ड’ हे सागरी प्राण्यांचे करमणूक केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले व त्याच काळात काठावर मोठी हॉटेले आली. यावर उपाय म्हणून १९८७ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत दुरुस्ती केली. तीनुसार उद्यानातील भाडेपट्ट्यांखालील क्षेत्र जमिनीच्या २५ टक्क्यांहून व पाण्याच्या ६.५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. २००८ मध्ये संमत झालेल्या आणखी एका दुरुस्तीने भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातील ठराविक रकमेवरील भाग याच उद्यानाच्या व अन्य प्रादेशिक उद्यानांच्या सुधारणेसाठी राखून ठेवला. अशा रीतीने पाण्याच्या व्यापारी वापराला संख्यात्मक मर्यादा घालणारी व त्याच्या उत्पन्नाचा वाटा पाण्याकडेच परतविणारी व्यवस्था निर्माण झाली.

व्यापारी दुकानांखेरीज येथे शिक्षणसंस्थांनी चालविलेले केंद्रही आहे. सँटा क्लारा पॉइंट या भूशिरावरील मिशन बे ॲक्वाटिक सेंटर हे सॅन डिएगो राज्य विद्यापीठातील विद्यार्थी संघटना व कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा यांच्या सहकार्याने चालते. तेथे शिडाची नौका, कायाक, वल्हवणे इत्यादींचे वर्ग असून शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी विशेष कार्यक्रमही आहेत. १९७३ पासून या उपसागरात ‘सॅन डिएगो क्रू क्लासिक’ ही वल्हवण्याची स्पर्धा भरत आली आहे. शांत पाण्याचा एकच गुण नवशिक्याच्या करमणुकीस व निष्णातांच्या स्पर्धेस सारखाच उपयोगी पडतो, असे यावरून दिसते.

पर्यावरण : यंत्राशिवाय चालणारी होडी तेल सांडत नाही, आवाज करीत नाही व किनारा झिजविणाऱ्या लाटा उठवीत नाही. तरीही ती निरुपद्रवी असतेच असे नाही. उथळ पाण्यातील ईलग्रास ही सागरी फुलझाडांची कुरणे माशांच्या पिलांचे आश्रयस्थान असतात. नांगर व वल्ही यांनी ती उपटली जातात. वाळूवर अंडी घालणारा कॅलिफोर्नियातील छोटा सुरय हा संकटग्रस्त पक्षी एप्रिल ते सप्टेंबर या काळात उपसागरातील राखीव जागी वीण करतो. होडी जवळ आल्यास पक्षी घरट्यावरून उठतात व अंडी उन्हात उघडी पडतात. आवाज न करणारी होडी अगदी निकट येईपर्यंत लक्षात येत नसल्याने पक्षी अधिकच दचकतात.

उपसागराचा पूर्व भाग प्रवेशमार्गापासून दूर असल्याने तेथील पाणी भरती-ओहोटीने लवकर बदलत नाही. रोझ व टेकोलोटे हे ओढे शहरातील पावसाचे पाणी याच बाजूस आणून सोडतात. त्यामुळे पावसानंतर तेथे जीवाणूंचे प्रमाण वाढते. पाऊस थांबल्यावर ७२ तासांपर्यंत पाण्याशी संपर्क टाळावा, अशी सूचना स्थानिक आरोग्य खाते देते. वर्दळीच्या पुळणींवरील पाण्याची एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दर आठवड्यास तपासणी व्हावी अशी तरतूद राज्याने १९९७ मध्ये कायद्याने केली. ज्या दलदलीने एके काळी हे पाणी गाळून स्वच्छ केले असते ती उपसून टाकल्याचा हा परिणाम आहे. तो ओळखून ईशान्य कोपऱ्यातील डी अँझा परिसरात दलदलीचे पुनरुज्जीवन करण्यावर भर देणारी योजना नगरपरिषदेने २०२४ मध्ये संमत केली. तिच्यामुळे करमणुकीसाठी घडविलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा पूर्वस्थितीकडे नेला जाणार आहे.

मूल्यमापन : भाडोत्री नौकाविहाराने नागरी जीवनात पाण्याशी असलेला प्रत्यक्ष संबंध टिकवून धरला आहे. काठावरून पाहिलेले पाणी हे दृश्य असते. वल्हे हाती घेतलेल्यास ते वारा, ओढ, खोली व तापमान यांच्या रूपाने कळू लागते, आणि ज्यास ते असे कळते तो त्याच्या स्वच्छतेविषयी व सार्वजनिक हक्काविषयी उदासीन राहत नाही. मात्र हा लाभ तीन अटींवर अवलंबून आहे : नौका देणाऱ्याने शिकवणीचा व वाऱ्याच्या दिवशी नकार देण्याचा कंटाळा न करणे, नौका घेणाऱ्याने जाकीट अंगावर व परतीचा वारा ध्यानी ठेवणे आणि शहराने व्यापारी वापराच्या मर्यादा ढळू न देणे. या तीन अटींपैकी कोणतीही एक सुटली, तर सुरक्षित दिसणारे हेच पाणी जीवघेणे ठरू शकते किंवा लोकांच्या हातून निसटू शकते.